कानांचं दप्तर

संगणक जुना आहे, शाळेने टाकून दिलेला.
मासळीच्या फ्रीझरशेजारी टेबलाखाली ठेवलाय,
कारण तेवढ्या एकाच भिंतीला अर्थिंग धड आहे.
बाहेर उणे एकतीस. आत मी, आणि निल्लासने
ट्रॉम्सोहून पाठवलेली चार पानं:
“मावशी, घाबरू नकोस. एका वेळी एकच ओळ.
एंटर मारण्याआधी वाच. मारल्यावर परत वाच.”

पहिली मारली.
अक्षरं पडद्यावरून धावत सुटली,
कळप कुंपणात शिरताना धावतो तशी,
आणि मी सवयीने मोजायला लागले.
शेवटी नुसती एक मिचमिचणारी रेघ.
म्हणजे सर्व्हर बसला का? पानावर लिहिलंय:
काही बोलत नसेल, तर सगळं ठीक.
आमच्या घरातल्या पुरुषांसारखंच म्हणायचं.

पासवर्ड मागितला. मी कुत्र्याचं नाव दिलं.
“अख्ख्या गावाला तुझा कुत्रा माहीत आहे, मावशी.”
मग तळ्यातल्या त्या दगडाचं नाव दिलं,
ज्याला नाव आहे हे फक्त मला ठाऊक होतं
आणि आस्लाकला.

दार कुणासाठी उघडं ठेवायचं, तेही विचारतो हा.
पाच हजार चारशे बत्तीस नंबरचं दार.
म्हटलं, सध्या फक्त आतल्यांसाठी.
वाऱ्याला वाट दिली की तो कॉफी मागत नाही, घर मागतो.

तिसऱ्या पानावर लाल शाईत एक ओळ आहे:
अक्षरसंच आधी ठरव, नंतर बदलणं जिवावर येतं.
ती मी गाळली. कॉफी उतू जात होती.
यादी भरायला घेतली, आणि माझं आडनाव
मधोमध प्रश्नचिन्ह घेऊन परत आलं.
आमच्या भाषेत एक अक्षर आहे, नाकातून येणारं,
ते यंत्राच्या गावीच नव्हतं.
बोर्डिंगातल्या बाईंच्याही नव्हतं.
हजेरी घेताना त्या दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारत
आणि सात वर्षं मी “हजर” म्हणाले.
एका काना-मात्रेने माणूस बदलतो.
सगळं पुसलं. पहिल्यापासून बसवलं.
या वेळी अक्षरं आधी.

मग कान.
तक्त्याला रकाने पाडले: डावा कान, उजवा कान, धनी.
निल्लास म्हणतो, प्रत्येक ओळीला एक किल्ली हवी,
दुसऱ्या कुणाकडे नसेल अशी.
क्रमांक दे ना, एक, दोन, तीन.
मी फोनवर म्हटलं, बाळा,
आकडे यायच्या आधीपासून हे कानच किल्ल्या आहेत.
धुक्यातून पळत्या रेनडियरचा कान बघून
तुझी आई सांगायची, कुणाचा.
पलीकडे तो बराच वेळ काही बोलला नाही.
म्हणजे ठीक.

आज दुपारी योव्नाचा पोरगा आला. चौदा वर्षांचा,
स्नोमोबाईल बाहेर चालूच ठेवून.
वहीच्या कागदावर दोन कान काढले होते,
त्याची पहिली खूण. सुबक.
उजव्याचं टोक उडवलेलं, डाव्याला मागून दोन खाचा.
हात टाइप करत होते, तेव्हा काही जाणवलं नाही.
यंत्राने नकार दिला,
एकाच ओळीत, आवाज न चढवता:
ही किल्ली आधीपासून अस्तित्वात आहे.

बर्फ फुटलं त्याला येत्या मेमध्ये चार वर्षं होतील.

मारल्यावर परत वाचायचं असतं. वाचलं.
पोराला म्हटलं, डाव्याला अजून एक खाच घाल,
ही कुणाची तरी आहे.
त्याने तिथेच, मोजे न काढता, पेन्सिलीने घातली.

तो गेल्यावर रात्रीची नक्कल काढली.
एक पुरते, असं पान म्हणतं.
मी तीन काढल्या.