तीन महिन्यांचं पीठ

घर मीच पेटवलं.
आई म्हणाली, तू लाव, माझा हात होत नाही.
मी गोठ्यापासून सुरुवात केली,
तेवढाच जरा वेळ.

बारा गावं एका रात्रीत.
सरोवराच्या पाण्यात ती पुन्हा एकदा जळाली.
जाणते म्हणाले, परतीचे दोर आपणच कापायचे,
म्हणजे पाय मागे ओढत नाहीत.
माणशी तीन महिन्यांचं पीठ घ्या,
मावळतीला, समुद्राकाठी, जमीन मऊ आहे.

निघताना एकजण मेणाची पाटी घेऊन आला.
अक्षरं ग्रीकांची, नावं आमची.
डोकी किती?
पाच, आई म्हणाली.
दिसतात तर चार.
आईने पोटावर हात ठेवला.
त्याने पाच लिहिलं.

त्या लढाईतलं मला फक्त चाक आठवतं.
आऱ्यांमधून भाला सारायचा, ओढायचा, पुन्हा सारायचा.
समोर माणूस नाही, नुसत्या पिंढऱ्या
आणि खिळे ठोकलेल्या चपला.
बाबा टेकडीच्या पायथ्याशी कुठेतरी.
शेजारच्या चाकाशी कातुमार.
अंधार पडला तेव्हा तो आऱ्यांना टेकून होता.
मला वाटलं, दमला.

चौथ्या दिवशी आम्ही हत्यारं टाकली.
रोमनांचा दुभाष्या आला, घसा साफ केला,
आमच्याच बोलीत, परक्या हेलात म्हणाला:
घरी जा.
एक बाई हसली.
तो पुन्हा म्हणाला, घरी जा, घरं बांधा,
ती जमीन रिकामी ठेवायची नाही.
साखळदंडाची तयारी होती आमची.
याची नव्हती.

पाटी त्यांच्या हाती लागली होती.
आमची सगळी नावं आता त्यांच्याकडे आहेत,
त्यातली माणसं त्यांच्याकडेही नाहीत.

वाटेत बाळ आलं आणि गेलं.
त्याला नाव ठेवायला आई कबूल झाली नाही.
पीठ उरलं.
पाच जणांच्या हिशेबाने घेतलं होतं.

नासपतीचं झाड एका अंगाने कोळसा,
दुसऱ्या अंगाला फळं, लहान, तुरट.
मधला खांब वर जळालेला;
उपसू गेले तर निघेना.
मातीखाली तो अजून ओला होता,
ओकाचा वास येत होता त्याला.

पुन्हा एकजण पाटी घेऊन आला. या वेळी त्यांचा.
डोकी किती?
मी सांगितलं. त्याने लिहिलं. गेला.

आई राखेत बसून दगड वेगळे करत होती.
म्हणाली, मातुगेना, गोठा आधी.
गुरं कुठेत, मी म्हणाले.
ती म्हणाली, तरी.