बीट भिजत घालणे

खाद्याच्या रिकाम्या पोत्यामागं पेन्सिलीनं लिहून
टीसडेलबाईंनी यादी खिळ्याला अडकवली होती,
खुब्याचं हाड मोडायच्या कितीतरी आधी,
जणू पायरीवरच्या बर्फाशी त्यांची बोलणी झालेली.

बीटचा चुरा: बारा तास. पाणी चौपट.
गवत काट्यावर तोलून. अंदाज नको.
हौदात जुना फुटबॉल तरंगू दे, पाणी लवकर धरत नाही.
घोडीची चाटण-वीट मेंढ्यांपासून लांब.
तीत तांबं असतं. मेंढी मरते.
आणि शेवटची एक ओळ, ओल लागून पुसलेली.

बिशप ऑकलंडच्या इस्पितळात मी रात्री एक्सरे काढते.
त्यांच्या खुब्याचाही मीच काढला.
टेबलावर आडव्या पडून म्हणाल्या,
"पेट, ब्रॅकनला बघशील ना?"
वीअरडेलमध्ये पेट म्हणजे लाडकं माणूस.
माझ्या भाषेत पेट म्हणजे जाळ.
दोहोंच्या मध्ये कुठंतरी उभी राहून मी हो म्हटलं.

तोबरा मला ठाऊक होता तो पानाचा, मामांच्या गालातला.
चंदी, मोतद्दार, पागा हे सगळे
चौथीच्या धड्यातले, परीक्षेनंतर रद्दीत गेलेले.
आता सकाळी साडेसातच्या काळोखात
कपाळावर दिवा बांधून मी ब्रश फिरवते
आणि कळतं, खरारा हा शब्दच
तो आवाज करतो. ख-रा-रा. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत.

ब्रॅकन एकतीस वर्षांची. दाढा झिजून नदीतल्या गोट्यांसारख्या.
गवत तोंडात घोळवते, रस घेते,
चोथा वळून खाली टाकते.
सकाळी गोठ्यात हिरव्या लाडवांची ओळ.
म्हणून बीट.

जानेवारीत, सलग चौथ्या रात्रपाळीनंतर,
दोनच तास भिजलेलं बीट मी तिच्यापुढं ठेवलं.
"चालतंय," म्हटलं.
इतका महागाचा शब्द मी पुन्हा वापरलेला नाही.
तिनं मान ताणली. खोकली.
नाकपुड्यांतून फेस, त्यात बीटचा चुरा.

व्हेट एल्सपेथ हॉगार्थ बर्फातून पाऊण तासानं पोचली.
सुई, मग नळी, मग कोमट पाणी, पुन्हा पुन्हा.
घोडीचं जड डोकं मी मांडीशी खाली धरलेलं,
तिचा डोळा वीतभर अंतरावर, अर्धा मिटलेला,
आणि त्यात दिवा बांधलेली कुणी बाई.

दुपारी फोनवर सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.
पलीकडं वॉर्डातून एक ट्रॉली खडखडत गेली,
परत आली.
मग बाई म्हणाल्या, "रात्री काय खाल्लं तिनं?"
पातळ पेज, मी म्हटलं. मराठीतच निघून गेलं.
त्यांना कळलं असावं. "बरं," म्हणाल्या.

तेव्हापासून कामावर निघताना बादली भरते,
आणि हात ओलाच आहे तर घरची मटकीही भिजत घालते.
परत येईतो एक फुगलेलं असतं,
एक मोडाच्या बेतात.

मे महिन्यात बाई कुबड्या घेऊन फाटकाशी आल्या.
उतार असे हिरवे, की वाटलं, सुटलो.
"आता जपायचं," त्या म्हणाल्या.
गारठ्याची रात्र, वर लख्ख सकाळ,
की पात्यांत साखर साठते,
आणि आतून खूर पेटतो.
पेटतो हा शब्द माझा. त्यांनी निराळं काही म्हटलं होतं.

मग आम्ही घोडीला मुसकं बांधलं,
मळणीच्या बैलाला बांधतात तसं,
फक्त रबराचं, तळाला रुपयाएवढं भोक.
गुडघाभर गवतात उभी राहून
तिनं आमच्याकडं जे पाहिलं, ते मी लिहीत नाही.

यादीतली ती पुसलेली ओळ विचारली.
बाईंनी चष्मा लावला, पोतं उजेडात धरलं,
तिरपं केलं.
"नाही आठवत गं. मेंढ्यांचं असेल काही."

पलीकडं ब्रॅकन त्या भोकातून
एक पातं ओढून घेत होती.
मग दुसरं.