निरंक

सुरुवातीला काहीच नव्हतं म्हणतात, ते खोटं.
सुरुवातीला चिखल होता,
फक्त त्याला कुणी नंबर दिला नव्हता.

हे हसुराम माढवी सांगतो,
वाशीच्या धारण तलावाशी, पंपहाउसच्या ओट्यावर,
भादव्याच्या अवसेला,
उधाणाला दीड तास असताना.
मी लॉगबुकात वेळ टाकते. तो तंबाखू मळतो.
बाप त्याचा मिठागरावर होता,
आता तिथे दातांचा दवाखाना आहे.

चिखलात एक निवटी राहायची.
मासा म्हणावं तर उन्हात बसायची,
जनावर म्हणावं तर पाय कुठायत?
खाडी म्हणाली, आत ये.
पारसिकचा डोंगर म्हणाला, वर ये.
निवटी म्हणाली, थांबा, बघते.
ती बघत होती तेवढ्यात
आखणारा आला.

आखणाऱ्याला तोंड नव्हतं, साखळी होती.
साखळी पडली तिथे कोरडं झालं,
ओढली तिथे रस्ता.
एका भांगात त्यानं डोंगराची कड खरवडून
चिखलावर पसरली,
पुढच्या भांगात खांब रोवले, खांबांवर आकडे,
आणि मग नुसता बसून राहिला,
कारण माणसं यायची होती.
(आम्ही होतो की, हसुराम मध्येच म्हणतो,
पण आम्ही नकाशात नव्हतो.)

माणसं आली. प्रत्येकाला आकडा मिळाला.
शेवटी पाणी आलं रांगेत,
म्हणालं, माझा सेक्टर कुठला?
आखणाऱ्यानं बोटं मोजली.
मोजताना एक आकडा गळला होता.
तो तुझा, म्हणाला. शोध.
तेव्हापासून पाणी दिवसातून दोनदा येतं,
गटाराच्या तोंडातून डोकावतं,
पत्ता विचारतं.

निवटीला पाण्याची दया आली
आणि माणसांचीही.
तिनं तोंड मोठ्ठं केलं, खाडीच्या कडेला आडवी पडली.
ओहोटीला उघडते, भरतीला मिटते.
मिटली की श्वास धरते.
तेवढ्या श्वासावर हे सगळं उभं आहे,
मॉल, मार्केट, शिवाजी चौक, तुझी बिल्डिंग.

हसुरामचा पुतण्या एमपीएससीचा अभ्यास करतो.
तो म्हणतो, काका, निवटी म्हणजे प्रकल्पग्रस्त,
साडेबारा टक्क्यांच्या आशेवर तोंड उघडं ठेवून बसलेली.
बरोबर आहे त्याचं. इतकं बरोबर
की निवटी त्यात राहतच नाही.
पालकर साहेब म्हणतात, झडप लोखंडी आहे,
बिजागरीला ग्रीस घाला, गोष्टी नकोत.
तेही खरं. गेल्या वर्षी नव्हतं घातलं
तेव्हा तळमजल्यावरच्या गाद्या तरंगल्या.

मला मात्र तो गळलेला आकडा सोडत नाही.
आम्ही आलो तेव्हा मी चार वर्षांची.
दाराबाहेर नुसता लाल मुरूम,
आणि लांबवर विजेचा एक खांब, दिवा नसलेला.
आईला विचारलं, आधी इथे काय होतं?
काही नव्हतं गं, ती म्हणाली,
आणि किल्ली पदराला बांधली.
खोटं बोलत नव्हती. तिला तसंच दिलं होतं सगळं,
ताबापत्रासोबत,
एक कोरी सुरुवात.

ही गोष्ट तुला कुणी सांगितली? मी विचारते.
वडलांनी?
हसुराम पिंक टाकतो, तलावात नाही, बाजूला.
कुणी कशाला, म्हणतो, आत्ताच केली.
तू पेंगत होतीस.

बारा बेचाळीस.
झडप मिटल्याचा आवाज येतो, कुणी ओठ आवळावेत तसा,
आणि पलीकडे पाणी टेकून उभं राहतं.
आम्ही दोघं बोलत नाही.
पंप क्रमांक दोन थरथरत सुरू होतो.

लॉगबुकात शेरा लिहायचा रकाना असतो.
रोज तिथे लिहितो, निरंक.
आजही लिहिते.
मग खोडते,
पण रकाना बोटभर रुंद
आणि पेन हसुरामकडे.