खिळा

कंपनीनं यंदा प्रत्येकाला प्रमाणपत्र दिलं.
जाड कागद, कडेनं हिरवी वेल,
मधोमध माझं नाव, दादासो यशवंत कुंभार,
खाली एक आकडा, आणि आकड्यापुढं:
टन कार्बन, जो हवेत गेला नाही.

जो गेला नाही तो मग असतो कुठं,
धाकटीनं विचारलं.
मी म्हटलं, जेव आधी.

वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या दुरुस्त करतो मी.
पन्नास मीटर शिडी, कमरेला पट्टा,
वर बैलगाडीएवढी लोखंडी खोली,
तिच्यात गिअरबॉक्सच्या तेलाचा वास.
झाकण उचलून डोकं बाहेर काढलं
की वारा आधी कानशिलात देतो,
मग बघू देतो:
कोयनेचं खोरं, पाटणची घरं,
आणि हवा निवळ असली तर पार खाली,
कराडच्या अलीकडं नदीकाठाला
धुराच्या बारीक काड्या उभ्या.

त्यातली एक शिदूमामाची.

मामाची भट्टी दिवाळी झाली की लागते,
कोळसा, भाताचं तूस, कारखान्यावरची चिपाडं,
मिरग येईतो विझत नाही.
माझी चक्की उलट्या पायाची.
मिरगाला जागी होते,
आषाढात दातओठ खाऊन फिरते,
आणि चैत्रात, सगळ्यांना गरम होतं तेव्हा,
तीन हात पसरून नुसती उभी.
एकाच वर्षाच्या दोन पाळ्या आम्ही,
मामा उतरतो तेव्हा मी चढतो.

मामा म्हणतो, तुझं काम चांगलं, धूर नाही त्याला.
पण मलकापुरात एवढ्या इमारती चढतायत,
त्या काय वाऱ्यानं बांधायच्या?

त्यातल्याच एका इमारतीत राहतो मी.
तिसरा मजला, वीस वर्षांचा हप्ता, लिफ्ट.
खाली पार्किंग आहे तिथं ऊस होता;
अजून पावसाळ्यात फरशीच्या फटीतून
एखादा कोंब येतो वर,
वॉचमन तो चपलेनं दाबतो.
चैत्रात माझी पाती थांबलेली असतात
आणि लिफ्ट चालूच असते.
समोरच्या विंगेत रात्रभर एसी ठिबकतात.
मला ठाऊक आहे ही वीज कुठनं निघाली असेल,
चंद्रपूरकडं कुठल्या राखेच्या डोंगराशेजारून.
पण बटण दाबल्यावर
ती कधी आपलं माहेर सांगत नाही.

शालन म्हणाली, हॉलमध्ये लावू या,
पाहुण्यारावळ्यांना दिसेल.
स्टूल घेतलं, खिळा धरला.
पहिल्या ठोक्याला गिलावा उडाला,
दुसऱ्याला खिळा वाकला.
दुसरा खिळा, तोही वाकला.
पक्की भाजलेली वीट.
पोपडा पडला तिथनं बघितलं,
लाल, मधे जराशी काळसर, आच जास्त लागलेली.
बिल्डरनं त्या साली विटा कुणाकडनं उचलल्या
ते मला विचारायची गरज नव्हती.
त्या उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी
मीच तर मामाच्या ट्रॅक्टरवर बसून
खेपा मोजायचो.

टीव्हीवर लाल भुगा सांडला.
धाकटीनं त्यात बोट फिरवलं,
बोट माझ्यापुढं धरलं:
हाच का तो, न गेलेला?

नाही गं.
ह्याच्यासाठी गेला तो.

कळलं नाही तिला. बोट फ्रॉकला पुसून
ती खेळायला निघून गेली.
मी भोकाला पुट्टी भरली.
शालन भुगा झाडता झाडता म्हणाली,
एवढ्याशा भोकाला एवढा वेळ.

प्रमाणपत्र आता फ्रिजच्या दारावर आहे,
आंब्याच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली,
दुधाच्या हिशोबाशेजारी.
रात्री घर निजलं की मधेच फ्रिजची मोटर लागते
आणि कागदाची सुटी कड
थोडीशी हलते.
बाहेर झाडाचं पानही हलत नाही.