सकाळी सातचं माप

हेन्री काउंटीत हवेला अंग असतं.
दार उघडलं की आधी ती आत येते,
पेशंट मागून.

मिठाचा खडा होतो. लिफाफ्यांचा डिंक आपसूक धरतो,
न लिहिलेली पत्रंही बंद होऊन बसतात.
कपाटातल्या चपलांना
आठवीतल्या पोरासारखं मिसरूड फुटतं, हिरवं.
पहिल्या वर्षी मी अंगणात सांडगे घातले.
तिसऱ्या दिवशी ते घातले तेवढेच ओले,
वर लाल मुंग्यांची रांग.
मग शहाणी झाले: काचा चढवून गाडी उन्हात,
डॅशबोर्डवर प्लास्टिक.
तेव्हापासून माझ्या टोयोटाला
मार्च ते ऑक्टोबर हिंगाचा वास येतो.

नकाशावर या हवेचं नाव दमट उपोष्ण.
'उप' म्हणजे जवळजवळ.
जुलैत दुपारी तीनला, हेडलँडच्या चौकात उभं राहून
हा 'उप' कुणी मला दाखवावा.
(जानेवारीत दाखवतात. दोन-चार रात्री
नळांना चिंध्या गुंडाळाव्या लागतात.)

मी कान तपासते.
इथे श्रवणयंत्रं म्हातारी होऊन मरत नाहीत,
बुडून मरतात. घामात, वाफेत, चर्चच्या पार्किंगमध्ये.
प्रत्येकाला मी एक बरणी देते, निळ्या मण्यांची.
रात्री यंत्र त्यात ठेवायचं.
मणी गुलाबी झाले की समजायचं,
त्यांचं पिऊन झालं.

ऑथेल व्हिडन, वय चौऱ्याऐंशी,
शेंगा फोडायच्या गिरणीत कान ठेवून आलेले,
दर दुसऱ्या मंगळवारी तळहातावर यंत्र घेऊन येतात
जसा एखादा मेलेला चतुर.
"परत बुडालं, पोरी."
पावसात काढून ठेवा म्हटलं तर म्हणतात,
"पाऊस आला हे कळायला तरी नको का?"

खरं म्हणजे त्यांना तसंही कळत नाही.
म्हणून कुंपणाच्या खांबाला नळी आहे,
एकेचाळीस वर्षं, सकाळी सात वाजता,
इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत.
वह्या एकदा दाखवायला आणल्या, रबरात बांधून.
रबरं हात लावताच तुटली.
वादळाच्या दिवशी फक्त: नळी पुरली नाही.
तळाशी नुसती ओल, पहिल्या रेघेच्या खाली, तर 'टी'.
म्हणजे ट्रेस. म्हणजे पडला,
पण हिशेबात धरता येत नाही.

मग मधेच, एका मे महिन्यात, अक्षर बदलतं.
गोल, उजवीकडे कललेलं.
ते दवाखान्यात होते, गुडघ्यासाठी,
आणि व्हर्नेलला सांगून गेले होते: आकडा लिही.
तिने लिहिलं:
बरा.
टोमॅटोपुरता.
चादरी भिजल्या.
आला नाही, पण येणार होता.

तेवीस दिवस.
"सरकारकडे हे पाठवू कसं?" ते अजून चिडून म्हणतात.
तिकडच्या नोंदीत ती जागा रिकामी आहे.
आठवडाभर बोललो नाही तिच्याशी, म्हणाले,
आणि वही मिटताना
बोट त्याच पानात राहिलं.

तपासणीची खोली बंद, कापसाने मढवलेली,
काउंटीतली एकच कोरडी जागा.
आत बसून ते बटण दाबतात,
ऐकू आलं की एकदा. हल्ली बराच वेळ दाबत नाहीत.
काचेपलीकडून मला दिसतात तेवढे ओठ.
काही मोजताहेत, की कुणाला उत्तर देताहेत,
मी विचारलं नाही.

मीही एक नळी आणली आहे, अकरा डॉलरची.
आज सकाळी सात वाजता वाकून पाहिलं:
तळाशी चकाकी, रेघेपर्यंत न पोचलेली.
मिस्टर व्हिडन म्हणाले असते, टी.

मी पेन उघडलं. कागद इतका सर्द
की शाई पसरली.
लिहिलं: काच खाली राहिली होती.
सांडगे परत ओले.