सूर उतरतो

आंकुदच्या शाळेतला पियानो
वर्षातून तीनदा उतरतो.
समुद्र दोन गल्ल्या सोडून, भिंती लाकडाच्या,
ओल आत शिरते, कुणाला न विचारता.

म्हणून पहिल्या बोटीनं, चाकाओची खाडी ओलांडून
येते ग्रिसेल्दा ओयार्सून.
खांद्याला चामडी पिशवी, गुडघ्याला लोकरीची पट्टी.
आल्या आल्या शेगडी तपासते, पियानो नंतर.
"सरपण कोरडं आहे ना? मग बाकीचं होईल."

त्या मंगळवारी मी अडगळीच्या खोलीत होते,
मोडक्या खुर्च्या आणि मिरवणुकीचे झेंडे यांच्या मधे,
स्वेटरची बाही तोंडात कोंबून.
लेओनेलला जाऊन नव्वद दिवस झाले होते.
मेला नव्हता. दक्षिणेला गेला, कुणाकडे तरी.
मेला असता तर गावानं
निदान बटाट्याचं पोतं आणून टाकलं असतं.

तिनं दार ढकललं. पाहिलं.
रडू नकोस म्हणाली नाही,
रडून घे, असंही नाही.
म्हणाली, "फडकं धरायला कुणी आहे का इथे?"

सात वर्षं मी हा पियानो वाजवला,
उघडा कधी पाहिला नव्हता.
दोनशेहून जास्त तारा, आणि एकही सैल नाही.
"सगळ्यांचा मिळून ताण वीस टन,"
ती खुंटीवर किल्ली बसवत म्हणाली,
"मासळीनं भरलेले दोन ट्रक.
आणि बघ कसा उभा आहे,
डोक्यावर मुख्याध्यापिकेच्या नातवंडांचे फोटो घेऊन."

तुटेपर्यंत ताणू नये, मी पुटपुटले.
"खरंय. पण तुटेल म्हणून सोडून दिली
तर तार वाचते. पियानो जातो."

मग तिनं एकाच स्वराच्या दोन तारा छेडल्या.
एक किंचित खाली. दोघींच्या मधे
काहीतरी थरथरत होतं,
वँव, वँव, वँव,
जेवणाच्या टेबलावर दोन माणसं
गप्प बसून भांडतात तसं.
किल्ली फिरली, फिरली म्हणण्याइतकीही नाही.
थरथर लांबली.
आणखी लांबली.
मग तिथे नुसता स्वर होता.

आणि लगेच तिनं ती पट्टी ठोकली,
मुठीएवढ्या जोरानं, चारदा.
मी दचकले. "आत्ताच तर लागला होता!"
"जी सरकायची ती माझ्यासमोर सरकू दे.
रात्री, कुणी नसताना नको."

दुपारी आम्ही शेगडीपाशी पाव खाल्ला.
किती दिवस टिकेल हा असा?
"धुकं आत येईपर्यंत."
म्हणजे महिनाभर?
"महिना म्हणजे फार झाला."
मग काय उपयोग, मी विचारलं,
आणि माझा आवाज मला वाटलं त्याहून मोठा निघाला.
तिनं मांडीवरचे पावाचे कण वेचून खाल्ले.
"उपयोग? पोरी, मला पगार कशाचा मिळतो?"

काही बदललं असं म्हणवत नाही.
सकाळी अजून दोन कप खाली काढते,
एक परत ठेवते.
काही दिवशी गुरुवारपर्यंत पुरते,
काही दिवशी पहिल्या तासापर्यंत.
फक्त, मुलं यायच्या आधी
ती मधली पट्टी एकदा दाबून बघते.
आज केसभर खाली. काल त्याहून कमी होतं.
किती खाली ते कळलं की
दाराची कडी काढता येते.

परवा आय्लिननं गाणं मधेच थांबवलं.
नऊ वर्षांची, कान तीक्ष्ण, दया नाही.
"बाई, हा सूर खोटा आहे."
खोटा नाही गं. उतरलाय.
"मग?"
ग्रिसेल्दाबाई ऑगस्टात येतील.
"आणि तोवर?"

मी शेगडीत एक ओंडका सारला.
तोवर आपणही जरा खालून धरू.
चला, पहिल्यापासून.