पायरी

तासगावात, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमागच्या खोलीत
अकरा वर्षं न झोपलेला एक सर्व्हर.
त्याला प्रोसेसर दोन. म्हणजे, होते.
शनिवारी रात्री वीज गेली, आली, गेली, आली,
आणि दोघांतला एक परत आलाच नाही.

भूपाल मगदूम म्हणाले, "सोमवारी सौदा हाय.
तेवढं बघा."

तसला आता कुठं बनत नाही.
मिरजेच्या भंगारातनं, पितळी नळ
आणि फुगलेल्या बॅटऱ्यांच्या खालनं
इलियासनं एक शोधून आणला,
अंडं आणावं तसा, फडक्यात गुंडाळून.
त्याच घराण्यातला, त्याच नावाचा.
पाठीवरचं शेवटचं अक्षर तेवढं वेगळं.
कारखानदार ह्याला स्टेपिंग म्हणतात.
आपण पायरी म्हणू.

नवा दोन पायऱ्या वरचा.
चार आज्ञा जास्त जाणणारा, वेगानंही पुढं.
इलियासनं त्याला पहिल्या सॉकेटात बसवला.
साहजिक आहे.
हुशार पोर पुढच्या बाकावर.

चार मिनिटं चाललं.
मग पडदा निळा.

डबा उघडा ठेवून मी बघत बसलो.
पहिल्या जागी जो बसतो
त्याची एकट्याची परीक्षा होते,
आणि धरून चालतात, सगळ्यांनाच एवढं येतं.
मग तेच काम शेजाऱ्याच्या पुढ्यात सरकतं.
तो म्हणतो, हे मला ठाऊक नाही.
खरं तेच म्हणतो.
पण हे वाक्य ऐकून घ्यायची
तिथं कुणी सोय केलेली नसते.

उलटं केलं.
जुन्याला पहिली जागा, नव्याला दुसरी.
दोघांनाही येतं तेवढंच बोलायचं.
जो हळू, त्याचा ताल.
नव्याच्या चार आज्ञा
त्याच्या अंगातच राहिल्या.

उठलं. पंखे एका सुरात लागले.
इलियासनं डब्यातली भाकरी न विचारता उचलली.

पहाटे दोनला चाचणीचा कागद निघाला,
आणि मगदूमांची अनुपमा, वही मांडीवर धरून जागी असलेली,
म्हणाली, "काका, सदुसष्ट नंबरची पेटी
यायच्या आधीच गेलीय."

आली : दोन सात चोवीस.
गेली : दोन सात तेवीस.

आवक एकानं लिहिलेली, जावक दुसऱ्यानं.
प्रत्येकाच्या पोटात आपापलं घड्याळ,
वेगवेगळ्या क्षणी जागं झालेलं.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.
पेटी मात्र कपाटातनं न निघता
बेळगावला पोचली असती.

दोघांनाही सांगितलं,
पोटातलं बघू नका.
बोर्डावर एक आहे, लांब, जुनाट,
बघून यायला वेळ लागतो.
जाऊन तेच बघा.

मगदूमांनी चहा आणला. किती दिवस टिकेल, विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

परत येताना गाडी मी चालवली, चाळिसावर.
मागं इलियास. त्याला सत्तर सहज जमतं.
दोघांच्या अंगाला गंधकाचा वास.
कुमठ्याजवळ तो म्हणाला,
"उस्ताद, त्या नव्याला कळत आसंल काय,
आपल्याला जे येतंय ते कोण इच्यारतच न्हाई?"

मी आरशात बघितलं.
आरसा दवानं पांढरा.